एका हातातली गाडी

—आपटू नका ओ, आपटू नका! बॉनेट असं वरनं सोडून द्यायचं नसतंय साहेब, दोन्ही हातांनी खाली आणायचं, बोटभर फट राहिली की मग तळव्यानं दाबायचं — असं — टक्. ऐकलं? अकरा वर्षं झाली गाडीला, हाय का आवाजात फरक? न्हाय. तुमी रोज आठ-दहा गाड्या तपासता, तुमचा हात तसाच पडणार, मी तुमाला दोष देत न्हाय, पण ही गाडी रोजच्यातली न्हाय. नाव काय म्हणालात तुमचं? मानसिंग. अकलूजचे? मग काय, ट्रॅक्टरवर वाढलेला माणूस — ट्रॅक्टरचं बॉनेट आपटलं तरी चालतंय, त्याची कातडीच तशी. लिहा, लिहा तुमच्या त्या काचेच्या पाटीवर — रंग कंपनीचा, मूळ, कुटंच हात मारलेला न्हाय. ते रंगाची जाडी मोजायचं मशीन लावून बगायचंय? बगा की. दारावर लावा, डिकीवर लावा, खांबावर लावा, सगळीकडं आकडा एकच येणार. आला का? मग. उगच बोलत न्हाय मी.

एसटीच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं काढली ओ. प्रभुलिंग मिस्त्री म्हणलं की डेपोत आजबी कुणी सांगेल. गाडी गेटातनं आत वळताना मी नुसत्या आवाजावर सांगायचो, हिचं बेअरिंग गेलं, हिचा ड्रायव्हर गिअरवर हात ठेवून झोपतोय. ह्या शुक्रवार पेठेत जुनी गाडी घ्यायची तर आधी प्रभूअप्पाला दाखवायची आन् मग साखर वाटायची, असा रिवाज पडला व्हता. लोक बोलावून न्यायचे, मंद्रूपपासनं पार अक्कलकोटपर्यंत. चहा न् पाठीवर हात, बास, दुसरं काय घेतलं न्हाय मी कदी. आता तुमची ती पाटी आली, त्यात दोनशे प्रश्न, ह्याला टिक त्याला टिक. दोनशे कशाला लागतात? तीनच बगायचे. इंजिन थंड असताना पहिल्या दमात सुरू होतंय का, सायलेन्सरातनं धूर कुठल्या रंगाचा येतोय, आन् मालक बोलताना तुमच्या डोळ्यात बगतोय का टायरकडं बगतोय.

आजकाल लोक काय बगून गाडी घेतात सांगू? आतला टीव्ही केवढा हाय, आन् छताला खिडकी हाय का. सोलापुरात छताला खिडकी! मे महिन्यात हितं चव्वेचाळीसवर जातंय, डोक्यावर काच घेऊन बसायचं, अंडी उबवायची हायत काय? त्यात तीन सिलिंडरचं इंजिन, त्याला टर्बो — म्हणजे किडकिडीत माणसाला चहा पाजून पोतं उचलायला लावायचं. उचलतोय की, का न्हाय उचलणार, पण किती दिवस? मग म्हणायचं गाडी फसवी निघाली. गाडी कदी फसवत न्हाय साहेब. डिझेल गाडी घ्यायची आन् तिच्यातनं दोन किलोमीटरवर भाजी आणायला जायचं, इंजिन गरम व्हायच्या आत बंद, मग फिल्टर तुंबला की कंपनीच्या नावानं शिमगा. अहो, ती बिचारी रस्त्यावर धावायला बनवलीय, तुमी तिला पिशवी धरायला लावताय. साधं पेट्रोल, चार सिलिंडर, टर्बो न्हाय, नाटकं न्हायत — मी बगून-सवरून घेतली. रिटायर झालो त्या महिन्यात. अर्धी किल्ली फिरवली की सुरू. अकरा वर्षांत एकदाबी — एकदाबी — दुसऱ्यांदा किल्ली फिरवावी लागली न्हाय. ह्याला म्हणायचं भरवसा.

आन् किंमत राहते कशानं? लोक म्हणतात मॉडेलनं. खोटं. किंमत राहते हातानं. एका हातातली गाडी पाहिजे. दोन माणसांनी चालवली की क्लच दोन तऱ्हांनी झिजतोय, ब्रेक दोन तऱ्हांनी, सीटसुदीक दोन ढुंगणांनी दोन तऱ्हेची बसती — हसू नका, खरं हाय. गाडीला एकाच पायाची सवय लागू द्यायची. मी ह्या स्टिअरिंगला दुसऱ्याचा हात लागू दिला न्हाय. सर्व्हिसिंगलाबी मी स्वतः आत नेऊन लावायचो, त्यांचं पोरगं 'काका उतरा' म्हणायचं, मी म्हणायचो तूच बाजूला हो. ऑइल बदलताना स्टूल टाकून समोर बसायचो. आज तुमी चक्कर मारून आणली ना, त्या वळणापर्यंत — तुमी पहिले. कंपनीचा नियम म्हणालात म्हणून गप बसलो. पण दुसऱ्यातनं तिसऱ्यात टाकताना तुमी अर्धा क्लच सोडला, ते मला कळलं बरं का. इथं लागलं, छातीत.

किलोमीटर बगून दचकलात ना? चार हजार चारशे. अकरा वर्षांत. मीटर मागं फिरवलेला न्हाय, सर्व्हिसची वही हाय, ताळा करा. आता एवढी कमी का, तर गाडी उगच बाहेर काढायची कशाला? बाजारात बैलांची शिंगं, रिक्षावाल्यांचे आरसे, लग्नाच्या वरातीत पोरं बॉनेटवर बसतात. दर गुरुवारी कव्हर काढायचं, पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, कोपऱ्यापर्यंत न्यायची, आणायची, पुसायची, झाकायची. लांब जायचं तर एसटी हाय की, पास हाय मला. सीटवरची प्लास्टिकंबी शोरूमची, अजून काढली न्हायत. उन्हाळ्यात चिकटतात, व्हय, ते खरं. आमची ही लई वैतागायची. नागम्मा — बायको माझी. गाडीत बसली की लुगडं प्लास्टिकला चिकटायचं, उतरताना चर्र आवाज यायचा, मग म्हणायची, तुमच्या ह्या सवतीनं मला सोलून काढलं. सवतच म्हणायची गाडीला. 'सवतीची आंघोळ झाली का? मग या जेवायला.' चेष्टेखोर व्हती. ती न्हाय आता. तीन वर्षं झाली मे महिन्यात. — ते राहू द्या. तुमी टायर बगा, टायरचे फोटो काढायचे राहिलेत तुमचे.

विकायची माझी इच्छा न्हाय तशी. चन्नवीरनं तुमाला बोलावलं, माझ्या मुलानं. एकच मुलगा. चिंचोळीच्या एमआयडीसीत हाय, सुपरवायझर, सहाला येतोय घरी. म्हणला, अप्पा, ती गाडी दारात नको. मी म्हणलो, तुला काय त्रास देती रे ती? तर म्हणला, रोज कामावरनं येतो न् ती दिसती. एवढंच म्हणला. जास्त बोलत न्हाय तो आता. त्यानं स्वतःची एक घेतलीय, ती बगा पलीकडं, पांढरी — बगू नका म्हणतो मी, जीव जळतोय. चारी बाजूंनी पोचे. एक दिवा फुटका. आन् तिची किल्ली कुटं असती म्हाईत हाय? दाराच्या बाहेर, खिळ्याला. ती बगा, तुमच्या डोक्यापाशी. अख्ख्या बोळाला सांगून ठेवलंय त्यानं, कुणाला अडीअडचण असली तर मला विचारूबी नका, किल्ली काढा न् निघा. लोक नेतात की! दोन बायकांची बाळंतपणं झाली त्या गाडीच्या भरवशावर. बिरुदेव तर हक्कानं नेतोय — शेजारचा, शाळेची व्हॅन चालवतो तो. त्याचा पाय कायम क्लचवर. पाय न्हाय, दगडी जातं. तंबाखूची पिंक दारावरनं ओघळलेली असती. मी चन्नूला एकदा म्हणलो, अरं, गाडी हाय का धर्मशाळा? त्यानं किल्ली परत खिळ्याला अडकवली आन् आत गेला.

बरं, कागद. आरसी, विमा, पीयूसी, ही सर्व्हिसची वही, हे बिल. आणखी काय लागतंय? किल्ली? ही घ्या. दुसरी — दुसरी नसली तरी चालेल म्हणता? नसली तरी? म्हातारा दिसला की तुमी धरूनच चालता, ह्यानं हरवली असणार. मी वस्तू हरवणारा माणूस वाटलो तुमाला? थांबा. थांबा जरा, कपाट उघडतो.

हे बगा. हा बटवा. सोडा ती गाठ, जपून. काय हाय आत? शोरूमचं प्लास्टिकचं पाकीट, सीलबंद, त्यात किल्ली, किल्लीला नंबरचा पत्रा. आजपर्यंत कुलपात गेलेली न्हाय ही किल्ली. अकरा वर्षांची गाडी आन् दुसरी किल्ली कोरी — बगितली व्हती कुटं? सांगा की. पुण्यात बगितली व्हती? न्हाय ना. काढा, काढा फोटो, बटव्यासकट काढा. नागम्मानंच ठेवली व्हती, गाडी आणली त्या दिवशी. म्हणली, सवतीचा दागिना माझ्या दागिन्यांत असू द्या. गाठ तिच्या हातची, तशीच व्हती — आज मीच सोडायला लावली तुमाला, बोलण्याच्या भरात. असू दे. दोन किल्ल्या लिहा. ह्यावर वाढतंय ना काय तरी?

आता हे सगळं तुमच्या कंपनीत जातंय, व्हय ना? तुमचे साहेब बगणार, किंमत सांगणार. — आन्? कुणाच्या? ज्या मोबाईलवरनं बोलावलं त्या — चन्नूच्या? चन्नूच्या मोबाईलवर जातंय? सगळं? फोटोबी? टायरचा, सीटचा, आन् हा — हाबी?

न्हाय. थांबा. हात उचला त्या पाटीवरनं. हात उचला म्हणतो मी! — चिडलो न्हाय ओ, चिडलो न्हाय, बसा तुमी. बसा. असं करा, तेवढा एक फोटो खोडा. खोडता येतोय ना? अजून पाठवलं न्हाय ना? न्हाय. बरं झालं. शिवशिवा. मग एक किल्ली लिहा. एकच. काय? खोटं लिहिता येत न्हाय, नोकरी जाती? अहो, तुमीच म्हणालात, नसली तरी चालतंय. किंमत कमी येऊ द्या, माझं काय म्हणणं न्हाय, मी सही करतो. मला वाटलं हे तुमचं तुमच्यापाशी राहणार. वहीत लिहिणार न् घेऊन जाणार. चौतीस वर्षं पान्हे फिरवलेला माणूस मी, मला काय कळतंय कुटलं कुटं जातंय ते.

का म्हणता? का काय. काय न्हाय. घरातली गोष्ट हाय. चन्नूला वाटतंय गाडीला एकच किल्ली हाय. मी सांगितलेलं तसं. का सांगितलं — बोलायला काय लागतंय, सांगितलं एकदा. शोरूमनं एकच दिली म्हणून सांगितलं. त्यात काय एवढं?

तुमाला आई हाय का? हाय. बरं. — असं बगू नका माझ्याकडं. सांगतो. त्या दिवशी मी मंद्रूपला व्हतो. एकाला जुनी जीप घ्यायची व्हती, बगायला बोलावलं व्हतं. एसटीनंच गेलो, गाडी हितं कव्हर घालून, टाकी भरलेली. दुपारचे दोन. मे महिना. तुमी बगितलाय ना सोलापूरचा मे, दुपारी दोनला कुत्रंसुदीक रस्त्यावर नसतंय, रिक्षावाले कुटं झाडाखाली मुंडासं तोंडावर घेऊन पडलेले. मी जीपच्या बॉनेटमदी डोकं घालून इंजिन ऐकत व्हतो. बारीक टकटक येत व्हती, कुठनं येती कळंना. फोन वाजला. चन्नू. आईला अव्वा म्हणतो तो. 'अप्पा, अव्वाला कसं तरी होतंय, घाम फुटलाय, छातीत कळ येती म्हणती.' मी म्हणलो, पित्त असेल, लिंबू दे पिळून. तिला पित्ताचा त्रास व्हताच ओ, खोटं न्हाय सांगत. तो म्हणला, तसं न्हाय अप्पा, रिक्षा कुटं दिसंना, ॲम्ब्युलन्सला सांगितलंय, ती निघाली म्हणतात, पण बिरुदेव दारात हाय, तो म्हणतोय किल्ली द्या, आठ मिनिटांत दवाखान्यात घालतो. शाळेला सुट्टी, त्याची व्हॅन मालकाकडं पडलेली. चन्नूला तेव्हा गाडी येत न्हवती. कशी येणार? मी हातच लावू दिला न्हवता. 'अप्पा, किल्ली कुटं हाय?' मी म्हणलो, माझ्या खिशात. खरंच व्हती, ही, हीच. तो म्हणला, दुसरी?

तुमाला सांगतो मानसिंगराव, मी इचार केला न्हाय. मला जर कुणी विचारलं असतं, नागम्मा का गाडी, तर मी काय गाडी म्हणलो असतो? एवढा का मी कसाई हाय? पण तसं कुणी विचारलंच न्हाय. त्यानं विचारलं, दुसरी किल्ली हाय का. आन् माझ्या डोळ्यापुढं आला तो बिरुदेवचा पाय. क्लचवर. तोंडात तंबाखू. आन् ते इंजिन टकटक करत व्हतं, जीपवाला माझ्या तोंडाकडं बगत व्हता, आन् मी म्हणलो — दुसरी न्हाय रे, शोरूमनं एकच दिली. रिक्षा बग तू. आन् फोन ठेवला. ठेवला न् परत वाकलो. टकटक कुठनं येत व्हती तेबी सापडलं मला. टॅपेट ढिलं, किरकोळ काम. त्याला सांगितलं, घे, बिनधास्त घे.

चन्नू पळाला रिक्षा बगायला. पंचवीस मिनिटं. ॲम्ब्युलन्सच्या आधी रिक्षा मिळाली त्याला, आणली, घातलं तिला, नेलं. डॉक्टर म्हणले, वेळ गेला. डॉक्टर लोक तसं म्हणतातच म्हणा. म्हणतात ना? प्रत्येकाला म्हणत असतील.

आन् फोन स्पीकरवर व्हता. हे मला मागनं कळलं. चन्नूनंच सांगितलं, दहाव्या दिवशी, भोळेपणानं. म्हणला, 'अप्पा, तुमचं शेवटचं बोलणं अव्वानं ऐकलं. शुद्धीवर व्हती. शोरूमनं एकच किल्ली दिली म्हणालात, तवा तिनं माझ्याकडं बगितलं आन् मान फिरवली भिंतीकडं. कळ आली असेल.' कळ! तिनं गाठ मारलेली ओ त्या बटव्याला. दोन हातांवर कपाट. बोट दाखवलं असतं तरी चन्नूनं उघडलं असतं. बोट दाखवलं न्हाय तिनं. मी न्हाय म्हणलो ना, मग न्हाय. माझा शब्द मुलापुढं खोटा पडू दिला न्हाय तिनं, भिंतीकडं तोंड केलं. चाळीस वर्षं संसार केला मी तिच्याबरोबर, पण एवढी कुणी — एवढं गप कुणी राहतंय का?

पाणी नको. बसा. हे मी कुणाला बोललो न्हाय. तुमी परके म्हणून बोलून गेलो. उद्या तुमी बार्शीला न्हाय तर पंढरपूरला, कुणाची तरी दुसरी गाडी बगत असाल, मी कोण न् तुमी कोण. पण चन्नू माझा हाय. तो एवढाच हाय मला. त्याला कळलं तर तो माझ्याशी बोलायचा न्हाय, जन्मात न्हाय, मला म्हाईत हाय तो. सूनबाई ताट वाढेल, पण तो समोर बसायचा न्हाय. मी सत्तरीला आलोय. मी कुटं जाऊ? म्हणून म्हणतो, खोडा.

खोडला? दाखवा. गेला फोटो. आन् तितं — एक किल्ली. टिक केलं. देव तुमचं भलं करो. लई उपकार झाले. आई हाय म्हणालात ना तुमाला, त्या माउलीची पुण्याई. किल्लीचं मी बगतो, तळ्यात टाकतो न्हाय तर भंगारात. मोकळा झालो बगा. चहा ठेवायला सांगू? सूनबाई बँकेत गेलीय, मीच ठेवतो, मला येतोय. नात येईल आता शाळेतनं, शिवानी, पहिलीत हाय. लई चौकस. तिला सगळं पाहिजे, हे का, ते का. परवा जेवायला बसलो व्हतो सगळे, तर हिनं मधेच विचारलं, बाबा, आजी कशानं गेली ओ? सूनबाई म्हणली, जेव गप. पण चन्नूनं ताटावरनं मान वर केली आन् अगदी साधं, जसं पाऊस पडला न्हाय म्हणून सांगावं तसं सांगितलं तिला. म्हणला, बाबा चुकीच्या बाजूला पळाला म्हणून.

चुकीच्या बाजूला. डावीकडं पळाला व्हता तो त्या दिवशी. उजवीकडच्या स्टँडला दोन रिक्षा उभ्या व्हत्या म्हणे, त्याला नंतर कुणी सांगितलं. तीन वर्षं तेच धरून बसलाय. दुसऱ्याच महिन्यात ड्रायव्हिंग स्कूलला गेला, ती पांढरी घेतली, किल्ली खिळ्याला लावली. रविवारी सुट्टी असली की चालत जातोय, डावीकडनं एकदा, उजवीकडनं एकदा, घड्याळ बगत. मी ओट्यावर बसून बगतो. लेकीला सांगतोय, बाबा चुकीच्या बाजूला पळाला. आन् मी तितं बसलो व्हतो, मांडीला मांडी लावून, भाकरी मोडत व्हतो. मोडतच राहिलो. ती पोर त्याला म्हणली, मग मोठी झाले की मी तुमाला रस्ता दाखवीन. आन् मी म्हणलो, सूनबाई, आमटी वाढ.

थांबा. बॅग भरू नका. उघडा ती पाटी परत. उघडा म्हणतो ना. — अजून पाठवलं न्हाय ना? काढा फोटो. ही किल्ली, हा बटवा, मघाशी काढला तसाच. न्हाय, मला काय होत न्हाय. टेबलावर ठेवतो, घ्या. नीट दिसती का? नंबरचा पत्रा दिसतोय? आन् दोन लिहा. दोन किल्ल्या. मला विचारू नका पक्कं का म्हणून. मघाशी तुमीच म्हणत व्हता ना, खोटं लिहिता येत न्हाय, नोकरी जाती? मग लिहा की खरं.

दाबा. — दाबलं? — गेलं? किती वेळ लागतोय तिकडं दिसायला? लगेच?

मग उठा आता. चहा-बिहा काय न्हाय, उठा. राग मानू नका. तो फोन करणार न्हाय, तो निघून येईल, चिंचोळीतनं वीस-पंचवीस मिनिटं लागतात त्याला, तेवढ्यात मला तोंड धुवायचंय. गाडीचं काय ते तुमचं तुमी ठरवा, न्या न्हाय तर नका नेऊ. जावा तुमी. आन् जाताना दार लोटू नका. उघडंच राहू द्या.